रात्री कोणतं गाणं लावायचं?

वाराणसी छावणीतून लिहितोय. आजचा विषय जरा नाजूक आहे. पण फौजी माणसाच्या संसारात तो येतोच, आणि त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून लिहून टाकतो.

नवं लग्न झालेला आणि नुकतंच फॅमिली क्वार्टर मिळालेला जवान हमखास एक प्रश्न विचारतो. थेट विचारत नाही. आधी कँटीनमध्ये चांगला स्पीकर मिळतो का, त्याची बॅटरी किती टिकते, असं आडून आडून सुरू करतो. मग मान खाली घालून म्हणतो, "साहेब, रात्री गाणं कोणतं लावावं?" आजूबाजूचे हसतात. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. जवानाला वर्षाला साठ दिवसांची ॲन्युअल लिव्ह आणि तीस दिवसांची कॅज्युअल लिव्ह. त्यातले दिवस रेल्वेत जातात, शेतात जातात, भावकीच्या लग्नात जातात. लग्नाला चार वर्षं झाली तरी नवरा-बायको एकमेकांना नवीनच असतात. दार लावल्यावर बोलायचं काय हेच सुचत नाही. अशा वेळी खोलीत कसला तरी आवाज हवा, असं वाटणं साहजिक आहे.

आमचं घर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. लग्न झालं तेव्हा दोन खोल्या आणि पुढं पडवी. आई-आण्णा पुढच्या खोलीत, आम्ही मागं, मधे एक पडदा. रात्री दहाला विविध भारतीवर छायागीत लागायचं आणि मी रेडिओ जरा मोठा करायचो. गाणं कोणतं लागतंय याच्याशी आमचा काही संबंध नव्हता. त्या घरात रेडिओ हेच आमचं दार होतं. आण्णा कधी "आवाज बारीक करा" म्हणाले नाहीत. एरवी दिवसभर म्हणायचे. त्यांनाही कळत असणार.

या रेडिओची गंमत बघा. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपले मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीताचे कट्टर भोक्ते. त्यांनी आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना जवळजवळ दार बंद केलं. झालं काय, तर लोक रेडिओ सिलोनकडे वळले. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. त्याच विविध भारतीवर फौजी भाइयों के लिए जयमाला आली आणि रात्रीचं छायागीतही. म्हणजे सीमेवर बसलेल्या जवानाला जो रेडिओ गाणी ऐकवायचा, तोच त्याच्या गावच्या घरात त्याची आठवण काढणाऱ्या बायकोलाही ऐकवायचा. गाणं एकच, पण ऐकणारे दोघं हजार किलोमीटर लांब. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मग आलं बनारस. बऱ्याच वर्षांनी फॅमिली स्टेशन. इथल्या छावणीत तिसऱ्या आणि नवव्या गोरखा रायफल्सचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळं बिगूल आणि पाइप बँड यांची सवय कानाला लवकर होते. पण छावणीतून बाहेर पडून चौकाकडं गेलं की दुसरंच बनारस लागतं. गाण्याचं बनारस.

आपण बनारस म्हटलं की विश्वनाथ, घाट, आरती एवढंच डोळ्यासमोर आणतो. पण मी आजच्या विषयावर लिहायला बसलो ते या गावात आलो म्हणूनच. स्त्री-पुरुषांमधली ओढ गाण्यात कशी आणायची, यावर या गावानं पिढ्यान्‌पिढ्या काम केलंय. त्या कामाचं नाव ठुमरी. चौकाजवळ दालमंडी म्हणून गल्ली आहे. आज तिथं कपडे, खेळणी आणि मोबाईलची कव्हरं मिळतात, चालायला जागा नसते. एके काळी तिथल्या माड्यांवर गाणाऱ्या तवायफ राहायच्या. रसूलनबाई, सिद्धेश्वरी देवी, पुढं गिरिजा देवी ही बनारसच्या गाण्यातली मोठी नावं.

ठुमरी कशी चालते ते मला इथल्या एका तबलजींनी समजावलं. शब्द अगदी थोडे, दोन-चार ओळी. पण त्यातली एकच ओळ बाई पंधरा-वीस तऱ्हांनी म्हणते. एकदा विनवणी, एकदा तक्रार, एकदा लाडीगोडी, एकदा नुसता उसासा. याला बोल-बनाव म्हणतात. राग खमाज, पिलू, काफी, भैरवी असे, जरा मोकळे. ताल संथ, चौदा मात्रांचा दीपचंदी किंवा सोळा मात्रांचा जत. बराच वेळ असं सावकाश चालतं. शेवटी तबल्यावर लग्गी लागते, लय एकदम चढते, तबला धावतो आणि गाणारी तीच ओळ धरून राहते. मग पुन्हा पहिल्या संथ लयीवर येऊन गाणं संपतं. तबलजी हे सांगताना गालात हसत होते. मीही हसलो. जास्त फोड करायची गरज नाही.

आपल्याकडं हे नाही असं नाही. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी गायच्या. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. बैठकीच्या लावणीतही बाई बसून गाते आणि एकेका शब्दावर निराळी अदा करते. फडावरची ढोलकी आणि शिट्ट्या ही निराळी गोष्ट. ठुमरी आणि बैठकीची लावणी या मला तरी बहिणी-बहिणी वाटतात. दोघींचं पुढं एकच झालं. ज्यांच्या माडीवर जाऊन लोक गाणं ऐकायचे, त्यांचंच नाव घरात घ्यायला लाजायचे.

रसूलनबाईंची एक ठुमरी फार प्रसिद्ध आहे. प्रियकराला म्हणते, फुलाचा चेंडू मारू नकोस, काळजाला लागतं. सबा दिवाण यांनी 2009 साली त्यावर 'द अदर साँग' नावाचा माहितीपट केला. 1935 च्या रेकॉर्डमध्ये रसूलनबाईंनी तीच ठुमरी थोडी वेगळी गायली होती. तिथं काळजाच्या जागी छातीसाठीचा, बाईच्या अंगाचा उघड शब्द होता. ती रेकॉर्ड पुढं विस्मरणात गेली आणि काळीज तेवढं उरलं. एक शब्द बदलला की गाणं बैठकीतून दिवाणखान्यात येतं. हे वाचल्यापासून मला वाटतं, आपल्याला नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दल साधं बोलायलाही शब्द सापडत नाहीत, त्यामागं अशी बरीच झाकाझाक असणार.

तर मुद्द्यावर येतो. मला ठुमरी फार आवडते. बनारसला यायच्या आधीपासून आवडते. वरच्या पोस्टवर असताना एका बंगाली साथीदाराच्या मोबाईलमध्ये खूप गाणी होती, तिथं गोडी लागली. बर्फात, रात्रीच्या ड्युटीनंतर, स्लीपिंग बॅगमध्ये एक इअरफोन कानात घालून मी ती ऐकलेली आहेत. इथं क्वार्टर लागलं, सामान लावलं, पोरगी झोपली, आणि मी हलक्या आवाजात एक ठुमरी लावली. आमच्या मंडळींनी पाचेक मिनिटं ऐकलं. मग म्हणाल्या, "अहो, ही बाई रडतेय का?"

म्हटलं, "रडत नाही. तिचा नवरा परदेशी गेलाय, त्याची वाट बघतेय."

"मग बंद करा. दहा-दहा महिने मी तेच केलंय. आता तुम्ही आलाय तर परत तेच कशाला ऐकू?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. तिचं बरोबर होतं आणि माझी आवडही खरी होती. नंतर मी शोधलं तेव्हा कळलं की यातली बहुतेक गाणी विरहाचीच. ठुमरी घ्या, चैत्रात गायची चैती घ्या, श्रावणातली कजरी घ्या. या पूर्वांचलातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कामासाठी कलकत्त्याला गेले, जहाजात बसून मॉरिशस-फिजीला गेले, पलटणीत भरती झाले. मागं राहिलेल्या बायकांचं दुःख गाण्यात उतरलं. भिखारी ठाकूर यांचं 'बिदेसिया' हे नाटक त्यावरच आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ प्रकारच्या नायिका सांगितल्या आहेत, त्यातल्या एकीचं नाव प्रोषितभर्तृका. जिचा नवरा परगावी गेलाय ती. फौजीच्या बायकोला एवढं जुनं नाव आहे हे मला माहीत नव्हतं. आणखी एक आहे स्वाधीनभर्तृका, जिचा नवरा तिच्याजवळ आणि तिच्या ऐकण्यात आहे ती. मी हिला सांगितलं, आपलं सरकार तीन वर्षांसाठी फॅमिली स्टेशन देतं म्हणजे तुला या नायिकेची बढती देतं. ती म्हणाली, "ऐकण्यात असलेला नवरा कुठाय तो दाखवा आधी."

त्या रात्रीनंतर आम्ही दोघं गाण्यांवर बरंच बोललो. आधी कधी बोललो नव्हतो. आणि एकेक गोष्ट निघाली.

मी म्हटलं, शब्दांचा त्रास होतो तर वाद्य लावू. 'कॉल ऑफ द व्हॅली' नावाची 1967 ची रेकॉर्ड आहे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस त्यात दाखवलाय. मेसमधले अधिकारीसुद्धा सांगतात, अशा वेळी याच्यासारखं दुसरं नाही. हिला आवडली. पण या वेळी अडचण माझी झाली. मी काश्मीरमध्ये दोन टेन्युअर केलेत. संतूर सुरू झालं की मला देवदार दिसतात, आणि देवदार दिसले की त्यांच्या मागं कोण आहे हे बघायची नजरेला सवय आहे. खांदे आपोआप ताठ होतात. हिनं हात लावल्याबरोबर ओळखलं. म्हणाली, "तुम्ही इथं नाही." रेकॉर्ड बंद केली.

मग शहनाई. बनारसमध्ये राहायचं आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांना ऐकायचं नाही? भारतरत्न, जवळजवळ आयुष्यभर याच गावात बेनियाबागेजवळच्या गल्लीत राहिले, 2006 साली इथंच गेले. पण शहनाई लागली की हिला कार्यालय आठवतं. पत्रावळी, रुसलेले जावई आणि हरवलेली आहेराची पिशवी. दोघंही हसत सुटलो. हसण्यानंही काम होतं म्हणा, पण तो विषय वेगळा.

तिची गाणी म्हणाल तर मराठी भावगीतं आणि नव्वद सालातली हिंदी गाणी. तिनं लावली. मला गोड वाटली. पण तीच म्हणाली, "ही नकोत. ही मी भाकरी थापताना ऐकायची. तुमचा फोन आठ-आठ दिवस लागायचा नाही तेव्हा ऐकायची."

तेव्हा मला गोष्ट उमगली आणि एवढीच मला इथं सांगायची आहे. अशा वेळी कोणतं गाणं लावावं याची यादी मोबाईलवर शोधली तर शेकड्यानं मिळते. हा राग रात्रीचा, तो राग शृंगाराचा, हेही पुस्तकात मिळतं. पण गाण्याचा मूड गाण्यात निम्माच असतो. निम्मा ते आपण कुठं आणि कुणावाचून ऐकलं त्यात असतो. आम्हा फौजींच्या घरात नवरा-बायकोनं बरीचशी गाणी एकेकट्यानं ऐकलेली असतात. त्याची पोस्टवर, तिची चुलीपुढं. दोघांचा रेडिओ एक, पण आठवण एक नाही. एकट्यानं ऐकलेलं गाणं दोघांच्या वेळी लावलं, की ज्याचं ते आहे तो परत तिकडं निघून जातो. अंगानं खोलीत असतो, तेवढंच.

म्हणून आम्ही ठरवलं, दोघांनी मिळून नवीन काहीतरी ऐकायचं. आणि त्यासाठी बनारससारखं गाव नाही, कारण इथं गाणं फुकट आणि उघड्यावर मिळतं. अस्सी घाटावर 2014 पासून रोज पहाटे सुबह-ए-बनारस चालतं. आरती झाली की कुणीतरी सकाळचा राग गातं किंवा वाजवतं. रविवारी पोरीला उठवून, तिच्या अंगावर शाल टाकून आम्ही जायला लागलो. मग चैत्रात हनुमान जयंतीच्या सुमारास संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह आला. 1923 पासून चालत आलेला. तिकीट नाही. मंदिराच्या आवारात रात्रभर गाणं-वाजवणं चालतं, देशातले मोठमोठे कलाकार हनुमानासमोर हजेरी लावायला येतात, आणि शेजारी भाजी विकणारा आणि प्रोफेसर मांडीला मांडी लावून बसतात. आम्ही एका खांबाजवळ सतरंजी टाकली. पोरगी हिच्या मांडीवर झोपली. रात्री एक-दीडच्या सुमारास कुणीतरी सतारीवर बिहाग सुरू केला. मला रागाचं फार कळत नाही, नाव शेजारच्या आजोबांनी सांगितलं. नुसती आलापी अर्धा तास चालली. हिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. एवढ्या गर्दीत, मंदिरात. गावी असती तर तिनं असं केलं नसतं.

तेव्हापासून आमच्या घरी बिहाग लागतो. पूर्ण रेकॉर्डिंग नाही, आलाप आणि पुढची संथ गत. द्रुत सुरू व्हायच्या आधी थांबवतो.

आता जे जवान विचारतात त्यांना मी जे सांगतो, ते लिहून ठेवतो. पहिलं म्हणजे तिला विचारा. सरप्राइज वगैरे ठेवू नका. विचारण्यातच निम्मं काम होतं, कारण तिच्या वर्षभराच्या गोष्टी त्यातून निघतात. दुसरं, गाणं आधी डाउनलोड करून घ्या, नाहीतर ऐन वेळी मधेच सिमेंटची जाहिरात लागते. तिसरं, मैफिलीचं रेकॉर्डिंग असेल तर शेवटपर्यंत ऐकून पाहा. शांत बासरीनंतर एकदम पाचशे माणसांच्या टाळ्या पडल्या तर दचकायला होतं. चौथं, आवाज एवढाच ठेवा की ती हळू बोलली तरी ऐकू येईल. क्वार्टरची भिंत पातळ असते म्हणून थोडा आवाज हवा हे मान्य, पण गावच्या रेडिओसारखं दार करायची इथं गरज नाही. पाचवं, गाणं वाजतंय तो फोन आणि ड्युटीचा फोन वेगळा ठेवा. आणि गाणं संपल्यावर लगेच दुसरं लावायला उठू नका. पंखा फिरतोय, लांब कुठंतरी गाडीची शिट्टी होतेय, तेवढं पुरतं.

आता माझ्या पुढच्या पोस्टिंगची कुजबुज सुरू झालीय. फील्डच असणार. ही आणि पोरगी गावी जातील, पोरीची शाळाही तिथंच. परवा आवराआवरीचं बोलणं निघालं तेव्हा मी म्हटलं, बिहागचं ते रेकॉर्डिंग तुझ्या फोनमध्येही टाकून देतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नको. तिथं एकटीनं ऐकलं की ते पण त्यातलंच होईल." माझ्याही फोनमधून काढायला सांगितलं. आम्ही ते एका जुन्या मेमरी कार्डात घातलं आणि कार्ड हिनं मंगळसूत्राच्या डबीत ठेवलं. मी सुट्टीवर येईन तेव्हा बाहेर काढायचं. मधल्या काळासाठी माझ्या ठुमऱ्या माझ्याकडं आहेत आणि तिची भावगीतं तिच्याकडं.